‘पाच मिनिटांत घरीच तपासा कान’ : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : कानातला मळ म्हणजे घाण, ती काढण्यासाठी दर रविवारी लसूण घालून तापवलेले कोमट तेल कानात सोडावे आणि बडने पुसून घ्यावे, दुसऱ्या खोलीतून मोबाइलची रिंग ऐकू आली की कान उत्तम आहेत असे समजावे, चक्कर म्हणजे मेंदूला रक्त कमी पडणे, त्यावर मीठ-साखरेचे पाणी प्यावे आणि एका पायावर दहा सेकंद उभे राहून तोल पाहावा, साठीनंतर ऐकू कमी येणारच, श्रवणयंत्राने कान उलट आळशी होतो, आणि दवाखान्यात सिस्टर कानाविषयी जे विचारतात ते नुसते फॉर्म भरण्यापुरते असते, तेव्हा सगळे घरीच उरकावे. रुग्णांच्या कानाची, ऐकण्याची आणि तोलाची प्राथमिक तपासणी हे परिचारिका म्हणून माझे रोजचे काम असल्यामुळे या मुद्द्यांना क्रमाने उत्तर देत आहे. सर्व मुद्द्यांमागे चूक एकच आहे. कानात डोकावून पाहणे आणि माणसाला नीट विचारणे या दोन्ही पायऱ्या गाळून हा संदेश थेट उपायावर उडी मारतो.

पहिला मुद्दा मळाचा. मळ कर्णनलिकेच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागात तयार होतो, तो किंचित आम्लधर्मी असतो आणि आतल्या नाजूक त्वचेचे पाण्यापासून, जंतूंपासून व बुरशीपासून रक्षण करतो. नलिकेची त्वचा हळूहळू आतून बाहेर सरकत असते, चावताना आणि बोलताना होणारी जबड्याची हालचाल तिला हातभार लावते, आणि त्यामुळे बहुतेकांचा मळ काही न करता बाहेर पडतो. प्रौढ माणसाची ही नलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्यात बड किंवा कानकोरणे घातले की थोडा मळ वर येतो आणि बाकीचा पडद्याच्या दिशेने ठासला जातो. दडे बसल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत बड नियमाने वापरणारे पुष्कळ असतात, हे कोणत्याही कान-नाक-घसा विभागातली सिस्टर सांगेल.

तेलाबद्दल बोलण्याआधी पडदा शाबूत आहे का, हे पाहावे लागते, आणि ते घरी दिसत नाही. आम्ही आधी बाहेरचा कान पाहतो, कानाच्या छिद्रापुढची लहान कूर्चा (मऊ हाडाचा उंचवटा) हलकेच दाबतो आणि कानामागच्या हाडावर बोट ठेवतो. कूर्चा दाबताच रुग्ण कळवळला तर नलिकेला सूज असण्याचा संभव असतो. मागचे हाड दुखत असेल तर संसर्ग हाडापर्यंत पोहोचल्याची शंका येते आणि अशा रुग्णाला रांगेत बसवून ठेवत नाहीत. मग ऑटोस्कोप, म्हणजे कानात डोकावण्याचे दिवा असलेले उपकरण. प्रौढाचा कान वर आणि मागे ओढायचा, तीन वर्षांखालील मुलाचा खाली आणि मागे, आणि दुखऱ्या कानाच्या आधी चांगला कान पाहायचा. ऑटोस्कोप धरलेल्या हाताची बोटे रुग्णाच्या गालावर किंवा डोक्यावर टेकवलेली ठेवायची, म्हणजे त्याने अचानक मान हलवली तरी उपकरण त्याच्याबरोबरच हलते आणि आत टोचत नाही. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा दिसतो आणि उजव्या कानात घड्याळाच्या पाचाच्या जागी, डाव्यात सातच्या जागी, प्रकाशाचा त्रिकोण उमटतो. पडद्याला छिद्र असेल तर रविवारचे ते तेल सरळ मधल्या कानात उतरते.

आपल्याकडच्या हवेचाही यात भाग आहे. पावसाळ्यात बडोद्याची हवा इतकी दमट असते की कानात बुरशी धरण्याचे प्रमाण वाढते, आणि खाज व दडे यांमुळे माणसाला तो मळच वाटतो. ऑटोस्कोपमधून मात्र ओल्या वर्तमानपत्रासारखा थर आणि कधी त्यावर काळे ठिपके दिसतात. अशा कानात तेल ओतून वर बडने खरवडणे म्हणजे बुरशीची सोय करणेच होय. मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत तर कानाचा रात्री वाढणारा ठणका कधीच अंगावर काढू नये, कारण नलिकेचा साधा वाटणारा संसर्ग त्यांच्यात कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतो.

शिवाय ‘कोमट’ म्हणजे किती? कान धुताना आम्ही पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे सुमारे 37 अंश सेल्सियस घेतो, कारण त्याहून गार किंवा गरम द्रव आत गेला की तोलाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव हलतो आणि माणसाला गरगरू लागते. कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी कान धुताना होणारा हाच परिणाम अभ्यासून तोलाच्या इंद्रियाची चाचणी उभी केली, आणि 1914 चे नोबेल पारितोषिक त्यांना या क्षेत्रातल्या कामासाठी मिळाले. संदेशातला पहिला उपाय अशा रीतीने तिसऱ्या मुद्द्यातला आजार, म्हणजे चक्कर, स्वतःच निर्माण करू शकतो, ही गंमत तो लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही.

तेलाचा एक उपयोग मात्र खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. कानात जिवंत किडा शिरला असेल आणि पडदा शाबूत असल्याची खात्री असेल, तर थोडे तेल घालून तो मारतात व नंतर काढतात. मुलाने हरभऱ्याचा दाणा घातला असेल तर मात्र पाणी घालू नये, तो फुगतो. आणि बटणासारखी लहान बॅटरी गेली असेल तर कसलेही थेंब न घालता ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण ती काही तासांत आतली त्वचा जाळते.

दुसरा मुद्दा रिंगचा. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे स, श, फ, ट यांसारखी व्यंजने विरतात आणि स्वर तेवढे कानावर पडतात. माणूस म्हणतो, ‘‘आवाज येतो, पण बोलणे कळत नाही.’’ रिंग मोठी असते, ती ऐकू येतेच. एक आजी माझ्या प्रत्येक प्रश्नाला चोख उत्तर देत होत्या आणि सूनबाई त्यांना ऐकू येत नसल्याचे सांगत होती. मी केसपेपरची फाइल तोंडासमोर धरून त्याच आवाजात ‘‘आजी, सकाळी काय खाल्लंत?’’ असे विचारले. त्या माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या, मग सुनेकडे वळून म्हणाल्या, ‘‘काय म्हणतायत गं या?’’ तोवर त्या माझे ओठ वाचत होत्या.

याचसाठी कुजबुज चाचणी मागून करतात. रुग्णाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहायचे, न तपासायच्या कानाची कूर्चा बोटाने दाबून गोल फिरवत राहायची, श्वास पूर्ण सोडायचा आणि मग ‘चार, क, सात’ असा संच कुजबुजायचा. चुकले तर दुसरा संच. सहापैकी तीन तरी बरोबर यावेत. अंक रुग्णाच्या सवयीच्या भाषेत असावेत हे इथे विशेष सांगावे लागते, कारण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या आजोबांना गुजराती उत्तम येत असली तरी कुजबुजलेले अंक त्यांना मराठीतच चटकन उमगतात. ही चाचणी ऑडिओमेट्रीची, म्हणजे यंत्रावर ऐकणे मोजण्याच्या तपासणीची, जागा घेत नाही. ऑडिओमेट्रीला कोणाला पाठवायचे, हे तिच्यावरून ठरते.

आणि एका प्रसंगी ऐकण्याची तपासणी घाईने करावी लागते. सकाळी उठल्यावर एक कान एकाएकी बंद झाला, तर तो मळही असू शकतो आणि श्रवणतंतूचा अचानक बिघाडही. इथे 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर एकाच स्वरात कंप पावणारा धातूचा चिमटा, कामाला येतो. कंप पावणारा फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवला की मळाने बंद झालेल्या कानात आवाज मोठा वाटतो. आतल्या कानाचा किंवा तंतूचा दोष असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. दुसऱ्या प्रकारात स्टिरॉइडचे उपचार जितके लवकर, साधारण पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू होतील तितका लाभ अधिक. घरी बसून दोन रविवार तेल घालून पाहणाऱ्याचे नेमके हेच दिवस वाया जातात. या संदेशावर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

तिसरा मुद्दा चकरेचा. ‘चक्कर’ ऐकताच आम्ही विचारतो : खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते? किती वेळ टिकते? कशाने येते? कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर करताच एक मिनिटाच्या आत थांबणारी गरगर येत असेल, तर आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेल्याची शक्यता मोठी असते, आणि कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी बसवलेल्या, डोके ठरावीक क्रमाने फिरवण्याच्या पद्धतीने बहुतेकांना आराम पडतो. चक्कर तासन्तास टिकते, सोबत कानात गुंजारव आणि कमी-जास्त होणारे ऐकणे असेल तर विचार मेनिएरच्या, म्हणजे आतल्या कानाच्या एका आजाराचा. उठून उभे राहताच अंधारी येत असेल तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजतो. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर संदेशातले म्हणणे अंशतः खरे ठरते, पण त्यावरही औषधांची यादी तपासणे हा पहिला उपाय असतो. रक्तदाब वाढलेल्या माणसाने मीठ आणि मधुमेह्याने साखर पिऊन प्रत्येक चकरेला उत्तर देणे धोक्याचे आहे. चकरेसोबत बोबडे बोलणे, दोन-दोन दिसणे, तोंड वाकडे होणे किंवा अजिबात चालता न येणे यांपैकी काही असेल तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे 108 ला फोन करावा.

एका पायावर उभे राहण्याविषयी इतकेच : तोल कान, डोळे आणि पायांची संवेदना या तिघांवर उभा असतो, म्हणून त्या दहा सेकंदांवरून दोष कुणाचा ते कळत नाही. पाय जुळवून, डोळे मिटवून उभे करण्याची रोम्बर्ग चाचणी घेतानासुद्धा आम्ही रुग्णाच्या अगदी लगत, दोन्ही हात त्याच्याभोवती तयार ठेवून उभ्या राहतो. सत्तरीच्या माणसाने एकट्याने, फरशीवर हा प्रयोग केला तर पडून खुब्याचे हाड मोडू शकते.

चौथ्या मुद्द्याचा पहिला भाग, साठीनंतर ऐकू कमी येणारच, हा अर्धसत्य आहे आणि दुसरा, यंत्राने कान आळशी होतो, हा निखालस खोटा. श्रवणयंत्राने कान आळशी होत नाही. उलट वर्षानुवर्षे शब्द न पोहोचलेल्या माणसाला यंत्राशी जुळवून घ्यायला अधिक वेळ लागतो. शिवाय सगळे वयावर ढकलता येत नाही. आठवड्याला 80 डेसिबलचा आवाज 40 तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. 90 डेसिबलला ती 4 तासांवर येते. गरब्याच्या मैदानात स्पीकरच्या भिंतीलगत नऊ रात्री घालवणाऱ्या मुलामुलींच्या कानात घरी परतल्यावर शिट्टी वाजत राहते, ती कानाला इजा झाल्याची खूण आहे. पंचविशीत ती दुर्लक्षिली जाते आणि पन्नाशीत त्याला ‘वय’ म्हणतात.

राहिला फॉर्म. त्यात टीबीसाठी किंवा दुसऱ्या संसर्गासाठी इंजेक्शने घेतली होती का, असा प्रश्न असतो. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकॅसिन, जेंटामायसिन ही औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात. कारखान्यात कोणत्या यंत्रावर काम केले, कान कधी वाहिला होता का, घरात कुणाला लहानपणापासून ऐकू येत नाही का, गेल्या वर्षभरात पडलात का, हेही त्यात असते. वॉर्डात ज्यांना ‘गोंधळलेले आजोबा’ म्हणून सोडून दिले जाते, त्यांच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली किंवा कानात बसणाऱ्या साच्यात मळ अडकलेला निघणे मुळीच दुर्मिळ नाही. ‘उजवा कान चांगला, समोर उभे राहून सावकाश बोलावे, यंत्र उशालगतच्या डबीत, रात्री उठताना सोबत द्यावी’ असे त्या फॉर्मवर लिहिलेले असते, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला त्या खाटेपाशी कसे जायचे ते त्यावरूनच कळते.