बिझनेस कार्डवाल्या ‘फुकट पैशा’चा जरा हिशोब करू

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. प्रीमियम बिझनेस क्रेडिट कार्ड घ्या, ५० दिवस बिनव्याजी पैसा वापरा, अडचण आली तर मिनिमम (बिलातली किमान भरावी लागणारी रक्कम) भरा, व्याजदर बघत बसू नका कारण तो रिवॉर्ड पॉइंटमधून निघतोच, वार्षिक फी विमानतळावरच्या लाउंजमध्येच वसूल होते, आणि कार्ड धंद्याच्या नावावर असल्यामुळे उद्या धंदा बसला तरी तुम्हाला झळ नाही. एकही वाक्य धड पूर्ण नाही यातलं, म्हणून एकेक घेतो.

५० दिवस. आकडा खोटा नाही, पण तो जास्तीत जास्तचा आकडा आहे. बिलाचं चक्र ३० दिवसांचं आणि पुढे भरायला २० दिवस असं धरलं तर चक्राच्या पहिल्या दिवशी केलेल्या खरेदीला ५० दिवस मिळतात, शेवटच्या दिवशी केलेल्या खरेदीला जेमतेम २०. आणि हेही मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच, थोडं जरी राहिलं असेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याजाचं मीटर चालू. कार्डावर रोख काढलीत तर बिनव्याजी दिवस विसराच, वर वेगळी फी.

मिनिमम भरा म्हणे! हा सल्ला सगळ्यात महाग पडतो. मिनिमम भरल्याने लेट फी वाचते आणि खातं थकीत दिसत नाही, एवढंच, व्याज लागायचं ते लागतंच. आता ते किती रकमेवर लागतं ते बघा. समजा दर महिन्याला ३ टक्के आहे, म्हणजे साध्या हिशोबाने वर्षाला ३६ आणि महिन्याचं चक्रवाढ धरलं तर ४२.६ च्या आसपास. चक्राच्या पहिल्याच दिवशी १ लाखाची खरेदी केलीत, बिल भरायच्या शेवटच्या तारखेला ९५ हजार भरले, राहिले ५ हजार. आपण म्हणतो पाच हजारांवर कितीसं लागणार, महिन्याचे दीडशे. पण बऱ्याच कार्डांची अट अशी असते की बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज खरेदीच्या तारखेपासून आणि रोजच्या बाकी रकमेवर, म्हणजे पैसे भरेपर्यंतचे सगळे ५० दिवस अख्ख्या लाखावर. वर्षाला ३६ टक्क्यांनी ते होतात साधारण ४,९३०. थकवले पाच हजार आणि व्याजही जवळजवळ तेवढंच! सगळीकडे असं नसतं हे खरं, अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने वेळेत भरलेल्या रकमेवर असं मागे जाऊन व्याज लावायला बंदी केली, पण ती वैयक्तिक कार्डांना, बिझनेस कार्डांना तो नियम बंधनकारक नाही. प्रीमियम म्हटलं की संरक्षणही जास्त असेल असं समजणाऱ्यांनी हे वाचून ठेवा.

मग पॉइंटमधून व्याज निघतं का? शंभराच्या खर्चावर २ परत मिळतात असं उदार मनाने धरू. ते मिळतात एकदाच, आणि व्याज ३ टक्के दर महिन्याला, म्हणजे वीस दिवसांत रिवॉर्ड साफ आणि पुढे सगळं खिशातून. त्यात पॉइंटची किंमतही एक नसते, बिलात वळते केले तर एक, विमान कंपनीकडे ट्रान्सफर केले तर दुसरी, आणि कंपनी ती कधीही कमी करू शकते. टॅक्स, इंधन असे खर्च कितीतरी कार्डांवर पॉइंटमधून वगळलेले असतात, आणि धंद्याचा मोठा खर्च नेमका तिथेच असला तर काय उपयोग? सप्लायर कार्डाने पैसे घेताना २ टक्के जादा लावत असेल तर मिळालेलं तिथेच परत गेलं.

हे पर्क्स कोण देतं तेही बघा. एक वाटा विक्रेत्याकडून दर स्वाइपला कापल्या जाणाऱ्या फीचा, दुसरा थकवणाऱ्यांच्या व्याजाचा. युरोपियन युनियनने २०१५ च्या नियमाने वैयक्तिक क्रेडिट कार्डांवरची इंटरचेंज फी (विक्रेत्याच्या फीमधला कार्ड देणाऱ्या बँकेला जाणारा वाटा) ०.३ टक्क्यावर आणली, बिझनेस कार्डं मात्र त्या मर्यादेबाहेर ठेवली. अशा कार्डांवर ऑफर देणं कंपन्यांना का परवडतं ते यावरून कळतं. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला खरंच फायदा होतो, त्याच्यापुरता व्याजदर शून्यच, मी काही कार्डाच्या विरोधात नाही. फक्त मेसेजमध्ये ही अट लिहिलेली नाही.

लाउंजचं थोडक्यात. वर्षात किती वेळा विमानाने जाता ते मोजा, पाहुण्याचे पैसे वेगळे पडतात का आणि ठराविक खर्चाची अट आहे का ते बघा, मग फी वसूल झाली म्हणा. जॉइनिंग बोनससाठी (नवं कार्ड घेतल्यावर ठराविक खर्च केला की मिळणारे जादा पॉइंट) नको तो माल उचलायचा हा प्रकार तर मला कधीच कळला नाही.

आणि शेवटचं, ‘झळ नाही’. छोट्या धंद्याला कार्ड देताना बहुतेक वेळा मालकाची पर्सनल गॅरंटी, म्हणजे धंद्याने भरलं नाही तर मी भरीन अशी हमी, घेतात, अर्जातल्या अटींमध्ये ती असते आणि खाली सही तुमचीच. एकट्या मालकीचा धंदा असेल तर कायद्याने तुम्ही आणि धंदा वेगळे नाहीतच. स्टाफला काढून दिलेल्या ॲड-ऑन कार्डांवरचा खर्चही याच खात्यात येतो, तेव्हा त्यांची लिमिट आधी बांधा, ॲपमध्ये बहुधा सोय असते.