‘शांतता हवी तर गावाला जा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारातल्या पबांमुळे आमच्या चाळीला रात्री होणाऱ्या त्रासावर मी लेख लिहिला, त्याखाली तुम्ही मला चांगलंच सुनावलंत. गिरण्यांची तिसरी पाळी चालत होती मग पब का चालत नाहीत, गणपतीत तुमचे कान कुठे जातात, आमच्या पोरांच्या पोटावर पाय का देता, आणि शेवटी, शांतता हवी तर खोली विकून गावाला जा. पब बंद करा असं मी त्या लेखात कुठेही म्हटलेलं नाही, तेवढं माझ्या तोंडी घालू नका. बाकीचं बोलू.

गणपतीचं आधी उरकतो. विसर्जनाच्या डीजेलाही माझा विरोधच आहे, त्यापायी मंडळाच्या पोरांच्या शिव्या खाऊन झाल्यात. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सणासुदीला रात्री दहा ते बारा लाउडस्पीकर लावायची सूट सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसच देता येते. शनिवार वर्षात किती येतात ते तुम्हीच मोजा.

तिसऱ्या पाळीचा मुद्दा मात्र मला आवडला. गिरणगाव रात्री झोपत नव्हतंच. एकाच खोलीत पाळीपाळीने पथाऱ्या पडायच्या. पण पाळी सुटली की कामगार चालत घरी, कारण घर गिरणीच्या भिंतीपलीकडेच. आता पब रात्री दीडला सुटतात आणि तिथून बाहेर पडणारं जवळजवळ कुणीच इथलं नसतं. शेवटची लोकल तोवर गेलेली, पहिली यायला चार वाजून जातात. रिक्षा या भागात येतच नाही. मग सगळी गर्दी एकाच वेळी टॅक्सीसाठी आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

तुमचा सगळा रोख संगीतावर आहे, माझा या दीड ते तीनवर. व्हॅले पार्किंगची पोरं गाड्यांचे नंबर ओरडत धावतात, दुहेरी रांगेत अडकलेला टॅक्सीवाला हॉर्नवरचा हात काढत नाही, कुणीतरी पंपाच्या खोलीला टेकून उभ्याउभ्या मोकळा होतो. सकाळी ती भिंत धुवायची आम्हीच. ऑक्टोबरच्या उकाड्यात चाळीतली निम्मी माणसं गॅलरीत झोपतात. समोरच्या टॉवरसारख्या दुहेरी काचा आणि एसी आमच्याकडे नाहीत. संगीताचंही सांगतो, शब्द ऐकू येत नाहीत, फक्त ठोका येतो, आणि मांडणीतले स्टीलचे पेले त्यावर किणकिणत राहतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पण नेहमीच्या मोजणीत हे खालचे सूर कमी धरले जातात, त्यामुळे जे पेल्यांना कळतं ते यंत्रात पुरतं उमटत नाही. पोलिसांची गाडी आली की आवाज उतरतो, वळली की चढतो.

डिसेंबर २०१७ मध्ये इथल्याच कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबच्या आगीत १४ माणसं गेली. त्यानंतर गच्च्या, बाहेर पडायच्या वाटा, अग्निशमनाचे दाखले तपासले गेले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण तपासणी दाराच्या आत. दाराबाहेरचा रस्ता कुठल्याच परवान्यात नाही. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मॉल आणि खानपानाची ठिकाणं रात्रभर उघडी ठेवायला मंजुरी दिली, दारूची वेळ दीडचीच राहिली. दुकानांना रात्र दिली, लोकलला दिली नाही.

रोजगाराचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. आमच्या चाळीतलीच दोन पोरं तिथे बाउन्सर आहेत. त्यांना विचारा, त्यांनाही रात्री दोनची एखादी गाडी हवीच आहे, कारण सोबतचे वेटर विरार-कल्याणचे. ते पहिल्या लोकलची वाट बघत फुटपाथवर बसून असतात.

माझं मागणं फार नाही. टॅक्सीचा थांबा गिरणीच्या फाटकाच्या आत घ्या. शौचालयं रात्रभर उघडी ठेवा. शेवटचं गिऱ्हाईक गाडीत बसेपर्यंत पबची माणसं रस्त्यावर उभी राहू देत, आणि हे परवान्याच्या नूतनीकरणाची अट म्हणून लिहून घ्या. अ‍ॅमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटप्लाइन चौकात अशी माणसं नेमली होती. चौक काही ओस पडला नाही.

राहता राहिलं खोली विकण्याचं. खोली पागडीची आहे. विकायची तर मालकाची संमती हवी, वर त्याचा हिस्सा. पुनर्विकासाच्या कागदावर सह्या होऊनही पुष्कळ काळ लोटलाय. कुणी गिऱ्हाईक असेल तर पाठवा, पण दाखवायला दिवसाच बोलवेन.