स्टावरहेडला गेलात तर तळं डाव्या हाताला ठेवा

लंडनला मुलांकडे आलेल्या आई-बाबांसाठी आखलेल्या सहलींत 'स्टोनहेंज, बाथ आणि जाता जाता स्टावरहेड' असा एका दिवसाचा बेत हमखास असतो. माझं स्पष्ट मत आहे: एक तर स्टावरहेड खोडा, नाहीतर बाकीची दोन. स्टावरहेड म्हणजे विल्टशायरमधली, तळ्याभोवती फिरायची जुनी बाग. तिला निदान तीन तास लागतात, आणि घाईत पाहिली तर हाती फक्त एक पुलाचा फोटो लागतो.

गाडी नसेल तर लंडन वॉटरलूहून एक्सेटरकडे जाणारी ट्रेन धरा. साधारण दोन तासांत डॉर्सेटमधलं गिलिंगहॅम येतं. तिकीट काढताना नीट बघा, कारण त्याच स्पेलिंगचं एक गाव केंटमध्येही आहे, पूर्ण उलट्या दिशेला. त्याचा उच्चार जिलिंगहॅम, पण ॲपला उच्चार कळत नाही. स्टेशनवरून बाग दहा-एक किलोमीटर आहे. टॅक्सी आधीच सांगून ठेवा, बाहेर रांगेत उभी मिळेल या भरवशावर राहू नका.

आता मुख्य मुद्दा. हेन्री होर हा लंडनचा सावकार, घरचीच बँक. त्याने १७५०च्या दशकात स्टावर नदीच्या उगमाजवळ बांध घालून हे तळं केलं आणि हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुकाराकडून काठाने देवळं बांधून घेतली. ही देवळं एकामागून एक दिसावीत अशी वाट आखली आहे. आपल्या पायांना प्रदक्षिणेची सवय, देव उजव्या हाताला. इथे उलटं चालायचं, तळं डावीकडे ठेवून. गावाच्या बाजूने आत शिरून उजवी प्रदक्षिणा सुरू केली की शेवटचं पान आधी वाचल्यासारखं होतं.

पहिलं फ्लोराचं, म्हणजे फुलांच्या रोमन देवीचं देऊळ. दारावर रोमन कवी व्हर्जिलची लॅटिन ओळ कोरली आहे: अपवित्र लोकहो, दूर व्हा, दूर व्हा. नंतर बराच वेळ नुसती झाडी. पँथेऑन या रोमन धाटणीच्या देवळाचा घुमट पाण्यापलीकडे दिसतो, लपतो. आणि मग गुहा.

गुहेत बहुतेक जण अर्ध्या मिनिटात आत-बाहेर करतात. तसं करू नका. बाहेरच्या उजेडातून आल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात. फोनचा फ्लॅश मारलात तर ती दोन मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. उजेड येतो तो वर घुमटाला ठेवलेल्या भोकातून. समोर शिशाची, पांढऱ्या रंगाची निजलेली अप्सरा आणि तिच्या अंगाखालून ओघळणारं झऱ्याचं पाणी. बाजूला ओबडधोबड दगडांत एक खिडकी ठेवली आहे. तिच्यातून पाण्याच्या पातळीवरून तळं दिसतं, अगदी पलीकडच्या काठापर्यंत. पुढे नदीदेव बसलाय, हात उगारून. त्या हाताच्या रोखाने गेलं की पँथेऑन. जमीन ओली असते, गुळगुळीत तळव्याचे बूट घालून येऊ नका.

पँथेऑनमध्ये शिल्पकार रिसब्रॅकने घडवलेला संगमरवरी हर्क्युलीस आहे. तिथून बांधावरून पुढे गेलं की अपोलोच्या देवळाची चढण लागते, आणि इथे दमलेली माणसं खालच्या सपाट वाटेने निघून जातात. गुडघे दुखत असतील किंवा बाबागाडी असेल तर ठीक. नाहीतर चढाच. इतका वेळ तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेलं सगळं वरून एकदम दिसतं.

तो प्रसिद्ध पाच कमानींचा पूल शेवटी येतो. त्याच्यावर गवत आहे. तो ओलांडण्यापेक्षा बघण्यासाठीच बांधलाय. पँथेऑनचं तोंड पूर्वेला, म्हणून पुलाजवळून फोटो सकाळीच. दुपारनंतर सूर्य कॅमेऱ्यात येतो, वारा सुटला की प्रतिबिंबही मोडतं.

'फुलं कुठेत?' हा प्रश्न तिथे मराठीतून हमखास ऐकू येतो. इथे ताटवे नाहीत. होरची बाग मुळात हिरव्याच्या छटांची. रोडोडेंड्रॉन नंतरचे, त्याचा नातू रिचर्ड कोल्ट होर याने १७९०च्या सुमारास लावायला घेतलेले. ते हवे असतील तर मे-जूनमध्ये जा. मला विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट: बीच आणि मेपल पेटलेले असतात. फक्त शनिवार-रविवार टाळा आणि डबा सोबत घ्या, त्या दिवसांत कॅफेची रांग बाहेरपर्यंत येते.