गुटगुटीत मूल घडवण्याचे शालेय उपाय

तुमचं मूल हडकुळं आहे? अजिबात काळजी करू नका, शाळेत घाला. आमच्या चिरंजीवांनी परवाच प्रगतिपुस्तकात 'वजन जास्त' असा लाल शेरा मिळवलाय, तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार मला आपोआप आलेला आहे. पालकसभेत बाईंनी भरल्या वर्गात विचारलं, "मॅडम, डब्यात देता तरी काय?" पोळी-भाजी देते. शाळेनेच छापलेल्या तक्त्याप्रमाणे, सोमवारी पालेभाजी, मंगळवारी कडधान्य.

तर उपाय. सुरुवात कँटीनपासून. राज्य सरकारने २०१७ सालीच चिप्स, नूडल्स, पिझ्झा, थंड पेयं शाळेच्या कँटीनमधून हद्दपार करायचा आदेश काढला आहे. तो लॅमिनेट करून समोशांच्या काचेवर चिकटवा, माश्या बसत नाहीत. सीबीएसई म्हणजे केंद्रीय शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर ते सांगणारा फलक, लावायला सांगितलं, तोही लावा. फक्त कँटीनच्या रांगेतून वाचता येईल असा.

पीटीचा तास गणिताला द्या.

मैदान शनिवार-रविवार लग्नाला, एरवी स्कूलबसना.

आता महत्त्वाचा उपाय, फाटकाबाहेरचा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे की शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबीचं, साखरेचं, मिठाचं खाणं विकायचं नाही. ५० मीटर म्हणजे माझी साधारण सत्तर पावलं. काल चालून पाहिलं. सातव्या पावलावर गोळेवाला. विसाव्यावर चायनीज भेळ, तो लाल रंग कशाचा असतो ते विचारू नये. पुढे दोन दुकानं, दारात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा, त्याही बरोब्बर चौथीतल्या पोराचा हात पोचेल अशा उंचीवर. आणि या सगळ्यात एक मावशी बसायच्या. टोपलीत पेरू, उकडलेल्या शेंगा, हिवाळ्यात बोरं. दिवाळीनंतर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि उचललं कोणाला? मावशींना! टोपली म्हणजे अतिक्रमण. दुकानाला परवाना आहे ना, मग ते कायदेशीर. म्हणजे पेरू बेकायदा आणि पाम तेलात तळलेली हवा कायदेशीर. वा! दहा रुपये हातात असलेल्या पोराने फाटकाबाहेर येऊन शोधायचं म्हटलं तरी आता तिथे एक फळ मिळत नाही, आणि तुम्ही मला विचारता डब्यात काय देता?

सरकारी शाळेतल्या पोरांचंही बघा, उगाच त्यांना का वगळा. त्यांना शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं २०२३ च्या नोव्हेंबरात मिळू लागलं, २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी बंद. खिरीची साखरसुद्धा लोकसहभागातून जमवा म्हणाले. साखरेचा लोकसहभाग आमच्या फाटकाबाहेर जोरात आहे, तिथून न्या.

वाढदिवसाला चॉकलेटं वाटू द्या, नाहीतर मुलं एकलकोंडी होतात म्हणे. आणि बालदिनाला मेसेज पाठवा: 'उद्या डबा आणू नये, शाळेतर्फे खाऊ मिळेल.' खाऊ म्हणजे बर्गर आणि कोल्ड्रिंक. मागच्या नोव्हेंबरातला मेसेज माझ्या फोनवर अजून आहे.

पुरे झाली थट्टा. त्या लाल शेऱ्यानंतर पोरगा डबा तसाच परत आणतोय. वर्गात त्याला मोटू म्हणायला लागलेत, आणि डबा उघडला की हसतात. नऊ वर्षांचा आहे हो तो! वजनकाटा आणून त्याला सगळ्यांसमोर उभं करायला तुम्हाला वेळ मिळाला. कँटीनच्या ठेकेदाराला एक ओळीचं पत्र लिहायला मिळाला नाही? पीटीचे सर कुठे गेले ते सांगा आधी. वजन करायचंच होतं तर पडद्याआड करायचं, आणि आम्हाला बोलावून सांगायचं. आणि पालकहो, सभेत माना खाली घालून बसलेले तुम्हीसुद्धा! बाहेर पडल्यावर गाडीवर पोराला तीच पुडी फोडून देत होतात, पाहिलंय मी.

पुढच्या सभेला फाटकापासून ५० मीटर मोजू. टेप मी आणते.