माझ्या कापशीत पाय घालू नका
घरी पाहुणा आला की कोपऱ्यावरनं दूध आणायला त्याला दारातली माझीच कापशी, म्हणजे कापशी घाटाची कोल्हापुरी चप्पल, सापडते. शेजारच्या रबरी चपला दिसत नाहीत? बोललं की वर, "चप्पलच हाय की भावा, सोनं हाय काय?"

सोनं नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आहे. एक खिळा नाही, तळ चामड्याच्या वादीनं हातानं शिवलाय. नवी असताना ती चावते. तेल लावून, रोज थोडी थोडी घालून मी ती माझ्या पायाची करून घेतलीय. टाचेचा, बोटांचा ठसा तळव्यावर उमटलाय. सकाळी पाय आत सरकवला की जे सुख मिळतं ते दुसऱ्याचा रुंद पाय घुसला की गेलं. अंगठा सैल पडला की पडलाच! पावसात नेली तर तळ फुगतो, कारागिराची सगळी मेहनत चिखलात.

(२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता. मग घरातल्या जोडीला तेवढा मान द्या की.)

मला चिक्कू म्हणतात. खुशाल म्हणा. पण उंबऱ्याबाहेर पडताना आधी विचारा, नाहीतर अनवाणी जा.