नवऱ्याला सातबारा वाचून दाखवणारी बायको

आज सकाळी ग्रुपवर एका पोट्ट्यानं कथा टाकली. तिसऱ्याच ओळीत बायको नवऱ्याला सांगते, "अहो, आपली पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, सोसायटीचं कर्ज थकलं आहे आणि मुलीचं लग्न तोंडावर आलं आहे." वीस वर्षं संसार केला त्या माणसानं. त्याला ठाऊक नाही का आपली जमीन किती? खाली ओळीनं कमेंट: "संवाद एकदम जिवंत!" डोकं फिरलं.

अन् दुपारी जिनिंगच्या काट्यावर, कापसाच्या गाडीपाशी, हे कानावर पडलं:

"भाव काय शेठ?"
"बसा ना. चहा घ्या."
"पानी येते वाट्टे."
"गाडी झाका मंग."
"ताडपत्री नाही आनली."

बस. कर्ज नाही, मजबुरी नाही, शोषण नाही, यातला एक शब्द नाही. पण हा शेतकरी माल परत नेत नाही, हे शेठला कळलं. आकडा निघायच्या आधीच सौदा झाला. विचारलं एक, उत्तर आलं भलतंच, अन् खरी गोष्ट त्या मधल्या फटीत.

मान्य, वाचकाला कधी जमीन किती ते सांगावंच लागतं. मग निवेदनात एका वाक्यात सांगून मोकळे व्हा. नाहीतर ज्याला खरंच ठाऊक नाही त्याला विचारू द्या: तलाठी, नवी सून, बँकेचा माणूस. किंवा सरळ भांडण लावा. भांडणात माणूस सगळ्यांना ठाऊक असलेलंच उकरून काढतो: "दोन एकर तुमच्या बहिनीच्या लग्नात गेले, तवा बोलली का मी?"

पहिल्या खर्ड्यात बोली-बिली पाहूच नका. कोणाला काय पाहिजे अन् तो काय लपवतो, एवढं धरून नुसती बोलणी उतरवा. खर्डा वाईटच होईल, होऊ द्या. आठ दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्यानं वाचा. दम लागला तिथं वाक्य लांबलं. नावांवर हात ठेवून वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर दोघांच्या तोंडात तुमचीच जीभ आहे. मग कात्री. रामराम, या बसा, पाणी आण वं, हे बहुतेक सगळं जातं. (काट्यावरचा चहा मात्र ठेवायचा. तो चहा नाहीच, तो भाव न सांगणं आहे.) पात्र स्वतःच अर्थ समजावून सांगतं ती शेवटची ओळ तर आधी उडवा.

अन् ते 'उद्गारला', 'गरजला', 'खिन्नपणे पुटपुटला' कशाला? आपल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात लीळाचरित्र झालं, त्यात पानोपानी 'म्हणितलें' आहे. कोणाला खटकतं? 'म्हणाला' डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच तो चांगला. दोघंच बोलत असतील तर पाच-सहा ओळी त्याच्याशिवायही निघतात. तिसरा आला की मात्र नाव घ्या.

बोली सगळ्यात शेवटी, अन् हात राखून. वऱ्हाडीचे 'मले-तुले', 'काहून', 'करून रायला' एवढ्यानं कान तयार होतो. एका पानावर 'रायला' अन् दुसऱ्यावर 'राहिला' नको. वाक्यागणिक 'बे' लावला की नक्कल होते. 'बे' बरोबरीच्याला, मोठ्याला 'जी'. बापाला 'बे' म्हणणारं पोट्टं कथेत आणलं तर बाप काय करतो तेही लिहा! भंडारा-गडचिरोलीकडची झाडी बोली वेगळी, ती यवतमाळच्या शेतकऱ्याच्या तोंडी घालू नका. पुण्याच्या वाचकाला एखादा शब्द अडेल. अडू द्या. त्यांचे शब्द आपण पहिलीपासून गिळतोय.

तशी कथा वाईट नाही हो. शेवटी बाप रिकाम्या गाडीत बसून बैलाच्या पाठीवर हात फिरवतो. तिथं कोणीच बोलत नाही, अन् तीच जागा जमली आहे. पोराला येतं, फक्त स्वतःवर भरवसा नाही. 'जिवंत, जिवंत' करून तुम्हीच बिघडवताय त्याला.

बाबू, ती तिसरी ओळ काढ. बायकोला एवढंच म्हणू दे, "सोसायटीवाला येऊन गेला."

अन् नवरा म्हणेल, "भाकर वाढ."