“दोन वर्षं फी भरली, मेडल एक नाही” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार दिला, हरकत नाही. आमच्या दोरीच्या मल्लखांबाच्या क्लासला दोन वर्षं महिन्याला ३०० रुपये भरले, पोरीच्या गळ्यात एक मेडल पडलं नाही, जिल्हा स्पर्धेच्या आठ दिवस आधी तिला टीममधून काढलं, सर पोरींना रागवत नाहीत, अन् शहरातला क्लास दरवर्षी पदकं आणतो, असं तुम्ही लिहिलं.

आधी माझी चूक. टीमची नावं मी सगळ्यांसमोर वाचली. तिला अन् तुम्हाला बाजूला घेऊन आधी सांगायला पाहिजे होतं. माफी मागतो.

निर्णय मात्र तोच राहिला असता. कारण तुम्हाला फोनवर सांगितलं आहे, लेकराची गोष्ट इथं लिहीत नाही. सगळ्याच पोरींबद्दल बोलतो. दोरीच्या मल्लखांबात गाठ मारत नाहीत. पायाचा अंगठा अन् बाजूचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून अंग पेलायचं असतं. स्पर्धा जवळ आली की पोरी दुखणं लपवतात. घरून “यंदा तरी आण” म्हटलेलं असलं की हमखास लपवतात. मी पहिले रागवत होतो, तेव्हा तर जास्तच पडायच्या.

सर्टिफिकेटचं मला कळतं. दहावीचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, भरवशावर घर चालवणाऱ्या बापाला ते दिसणारच. आमच्याकडे मेडल कमी येतात हेही खरं. टिनाच्या शेडमध्ये एक दोरी, बावीस पोरी, अन् कापूस वेचणीत अर्ध्या वावरात. पण आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकला गेली, ती देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला. (परत आल्यावर त्यांना कोणी विचारलं असेल का, मेडल किती आणले म्हणून?)

तुमची पोरगी पहिले चार महिने दोरी धरून नुसती उभी राहायची. आता वर जाऊन दोन्ही हात सोडते अन् उलटी लटकून खालच्यांना चिडवते. नव्या पोरींच्या बोटांत दोरी तीच बसवून देते. हे तुम्ही एकदा येऊन पाहा, ही विनंती.

क्लास सोडायचा असेल तर या महिन्याची फी परत देतो. शहरातल्या सरांशीही बोलतो, ते चांगले शिकवतात. फक्त एसटीत रोज दोन तास जातील. नाहीतर शनिवारी सहाला पाठवा. नवीन दोरी आणली आहे, अजून कडक आहे, तिच्याच हातून मऊ करून घ्यायची आहे.